इपातिएफचा बॉम्ब

रसायनशास्त्राच्या इतिहासात आम्लांना मान आहे, उत्प्रेरकांना आहे; वॉशरला कुणी विचारत नाही. व्लादिमिर इपातिएफच्या बॉम्बची गोष्ट मात्र वॉशरपासूनच सांगायला हवी.

बॉम्ब म्हणजे जाड पोलादाचं, झाकण लावलेलं नळकांडं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गच्या मिखाइलोव्ह तोफखाना अकादमीतल्या या प्राध्यापकानं ते घडवलं. एरवी दाबाखालचे प्रयोग व्हायचे बंद काचनळीत. दाब वाढला की नळी फुटायची. पोलाद किती दाब झेलतं हे तोफा बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. अडत होतं ते झाकणापाशी. इपातिएफनं मधे मऊ तांब्याची चकती, म्हणजेच वॉशर, घातली. बोल्ट आवळले की तांबं दबून फट बुजवायचं. मग आत शेकडो वातावरणांचा दाब आणि शेकडो अंशांची उष्णता खुशाल कोंडता येऊ लागली.

भांडं नुसतं भांडं नसतं, हे त्याला आधीच उमगलं होतं. लोखंडी नळीतून तापलेलं अल्कोहोल सोडलं की एक पदार्थ निघे, मातीमिश्रित ग्रॅफाइटच्या नळीतून सोडलं की दुसरा. नळीची भिंतच उत्प्रेरकाचं काम करत होती.

हलक्या हायड्रोकार्बन वायूंना दाबाचीच भाषा कळते. दोन रेणूंचा मिळून एक झाला की जागा कमी लागते; म्हणून दाब वाढवला की तोल जोडणीकडे झुकतो. या साध्या नियमाचं चीज झालं अमेरिकेत.

१९३० साली, साठी ओलांडलेला इपातिएफ रशिया सोडून निघाला तो परत गेला नाही. शिकागोच्या युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स कंपनीनं त्याला नेलं. जड तेल तोडून पेट्रोल काढताना प्रोपिलिन, ब्युटिलिनसारखे वायू उरत आणि बरेचसे भट्टीत जाळले जात. इपातिएफनं फॉस्फोरिक आम्ल सच्छिद्र मातीत मुरवून घन उत्प्रेरक केला आणि ते वायू दाबाखाली त्यावरून नेले. चार कार्बनांचे दोन रेणू जोडून आठ कार्बनांचा एक झाला. टाकाऊ वायूचं पेट्रोल झालं, तेही चांगल्या ऑक्टेनचं, म्हणजे इंजिनात अवेळी न भडकणारं.

पुढची पायरी धाडसाची होती. आयसोब्युटेनसारखे पॅराफिन सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत, असं पुस्तकांत पढवलं जाई. इपातिएफ आणि त्याचा तरुण सहकारी हर्मन पाइन्स यांनी आम्लधर्मी उत्प्रेरक वापरून त्यांना ब्युटिलिनसारख्या ऑलेफिनशी जोडून दाखवलं. हेच अल्किलेशन. त्यातून मिळणारं फांद्याफांद्यांच्या रेणूंचं इंधन दुसऱ्या महायुद्धात १०० ऑक्टेनच्या विमानी पेट्रोलचा मोठा घटक बनलं.

गंमत म्हणजे इथं बॉम्बची गरजच उरली नाही. फिलिप्स कंपनीनं आम्लाशिवाय, सुमारे ५०० अंश आणि २०० वातावरणांहून अधिक दाबानं हीच जोडणी केली खरी, पण रिफायनऱ्यांत रुळली ती आम्लाची पद्धत. सल्फ्युरिक आम्लाच्या संयंत्रात तर मिश्रण उलट थंड ठेवावं लागतं. दाब लागतो तो ब्युटेन द्रव राहावा एवढाच, आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरइतका.