एमपीएचनंतरची पहिली नोकरी

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, करायला आपल्याकडचे तरुण डॉक्टर आणि दंतवैद्य जातात. प्रवेशाची तयारी ते कसून करतात. पदवीनंतरचा विचार मात्र शेवटच्या सत्रावर ढकलतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

एफ-१ व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयात काम करता येते. या परवानगीला ओपीटी म्हणतात. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो तेव्हाच करावा. शिवाय या वर्षात बेकारीचे एकूण ९० दिवसच माफ असतात. पुढचे २४ महिने मिळतात ते फक्त ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना. साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र या यादीत आहेत, सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्य हा विषय नाही. पदवी एकाच नावाची असली तरी एका विद्यार्थ्याला तीन वर्षे मिळतात, दुसऱ्याला एकच! हा फरक आधी कुणी सांगत नाही, याचे वाईट वाटते.

अमेरिकी केंद्र सरकारच्या बहुतेक कायम पदांना तिथले नागरिकत्व लागते. विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संशोधन संस्था यांचा मार्ग तुलनेने मोकळा आहे, कारण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक ८५,००० ची मर्यादा आणि तिची सोडत त्यांना लागू नाही. तिथे ‘आर’ किंवा ‘सॅस’ या संगणकप्रणालींवर आकडेवारी हाताळता येणाऱ्याला काम मिळण्याची शक्यता वाढते.

विषय ‘स्टेम’ यादीत आहे की नाही, हे पदवीच्या अधिकृत सांकेतिक क्रमांकावरून ठरते. म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विद्यापीठाला तो क्रमांक विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.