प्रगतिपुस्तकातली नोंद कशी वाचावी?

टेंभी नाक्याच्या परिसरात शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना पालकसभेत हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "टीचर, नंबर कितवा आला?" नंबर आता नसतोच. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामाचे. सत्राच्या शेवटच्या चाचणीला फक्त ३०. तिसरी-चौथीला हेच प्रमाण ६० आणि ४०.

पण श्रेणीवरूनही सगळे कळत नाही. उर्दू माध्यमातला दुसरीचा मुलगा धडा घडाघडा वाचतो, घरचे माशाअल्लाह म्हणतात. आम्ही मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले की तो गप्प. धडा वाचता येत नव्हता, पाठ होता. उलट मकतबमध्ये नाजरा सुरेख वाचणारी मुलगी उर्दूच्या पुस्तकात अडखळते. ती मठ्ठ नसते. कुराण शरीफमध्ये जेर-जबर दिलेले असतात. उर्दूत ते सहसा नसतात, तिथे शब्द अर्थावरून ओळखावा लागतो. आकड्यांचेही तसेच. उर्दू अक्षरे उजवीकडून लिहायची, आकडे मात्र डावीकडून. ५२ च्या जागी २५ लिहिणाऱ्या मुलाला काड्या द्याव्यात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याने बरोबर मांडल्या, तर गणित त्याला येते. अडचण लिहिण्यात आहे.

हे सारे वर्णनात्मक नोंदींत यायला हवे. प्रत्यक्षात पुष्कळ नोंदी 'प्रगती समाधानकारक' अशा साच्यातल्या असतात, कारण भरलेल्या वर्गात प्रत्येक मुलाजवळ बसायला वेळ मिळत नाही. पालकांनी तेवढ्यावर गप्प बसू नये. नवा मजकूर वाचता येतो का, हातचा कुठे चुकतो, हे थेट विचारावे. (सभेला बहुधा अम्मीच येतात. अब्बूंनीही एखाद्या वेळी दुकान तासभर बंद ठेवायला हरकत नाही.)

घाई एवढ्यासाठी की २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर तोच वर्ग पुन्हा. दुसरीत न आलेले वाचन पाचवीत दोन महिन्यांत येत नाही.

पुढच्या सभेला मुलाच्या वह्या घेऊन या. प्रगतिपुस्तक आमच्याकडे असतेच.