तबकडीचं वय, गळ्याचं वय

जुनी तबकडी ऐकताना एक साधा प्रश्न आपण विचारतच नाही : गाणारा तेव्हा किती वर्षांचा होता? गवयाची हयात सत्तर वर्षांची, तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. ती मिनिटं तारुण्यातली पकडली गेली की उतारवयातली, हे पुष्कळदा कंपनीच्या सोयीनं ठरलं. तरी आपण तेवढ्यावरून गळा जोखतो.

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गनं कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या धक्क्यानं सुई मेणात रेघ कोरायची. तंबोरा जवळपास ऐकूच यायचा नाही. विजेवरचं मुद्रण १९२५ नंतर आलं. म्हणजे पहिल्या वीसेक वर्षांत खुल्या, खणखणीत आवाजाचं फावलं आणि हलक्या गळ्याची नजाकत भोंग्याबाहेरच राहिली. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत. दोघांचीही तबकडी नाही. पैकी अल्लादिया खाँचं नसणं मला जास्त खटकतं. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला, परतला तो बदलून, आणि त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. जयपूर घराण्याचा तो पेचदार लयीचा डौल आपण शिष्यांच्या तोंडून ऐकतो. मूळ गळ्याचा पुरावा शून्य.

आणखी एक गोम आहे. सुरुवातीच्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो, लयही वाढते. पन्नाशीचा गवई पस्तिशीचा वाटू लागतो. त्यावर ‘काय तो जुन्या लोकांचा चढा स्वर!’ म्हणून मान डोलावणारे रसिक काही कमी नाहीत.

अब्दुल करीम खाँ भाग्यवान. १८७२ चा जन्म. १९०५ च्या सुमारास त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि पुन्हा तिसाच्या दशकात, साठी ओलांडल्यावर. लोकांच्या कानात आहे तो हा दुसरा आवाज : बारीक, आर्त, स्वराला चिकटून राहणारा. आवाजाचा जोर सरला, की उरतो तो स्वरलगाव. माझ्या मते त्यांच्या भैरवीचं बळ त्यातच आहे. उलट रामकृष्णबुवा वझ्यांच्या तबकड्यांत बुवा उतारवयात भेटतात, आवाज खरबरीत, पण बंदिशीची मांडणी अशी की आवाजाकडे लक्षच जाऊ नये.

वयाचा नियम स्त्री-पुरुषांत वेगळा चालतो. म्हातारपणी पुरुषाचा आवाज पातळ होऊन किंचित चढतो, बाईचा उतरतो. गंगूबाई हनगल यांचं प्रकरण मात्र नुसत्या वयाचं नाही. तिसाच्या दशकातल्या, ‘गांधारी हनगल’ नावानं निघालेल्या तबकड्यांत कोवळा, उंच आवाज आहे. घशावरच्या इलाजानंतर तो पार खाली गेला, पुरुषी झाला. दुसरीनं तंबोरा खुंटीला टांगला असता. गंगूबाई त्या जड आवाजानंच मोठ्या झाल्या आणि २००६ मध्ये, त्र्याण्णव्या वर्षी, शेवटची मैफल गायल्या. मल्लिकार्जुन मन्सूरांचंही तसंच : तबकड्या तरुणपणीच निघाल्या होत्या, खरी दाद मात्र साठीनंतर.

मैफलीबाहेरचे, उपासनेतले गळे याहून चिवट. इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्स पीठात याकोव्होस नाफ्प्लिओतिस १९११ ते १९३९ मुख्य गायक होते. बिझंटिन स्तोत्रगायनाच्या सर्वांत जुन्या मुद्रणांत त्यांच्या तबकड्या मोडतात आणि तिथले जाणकार आजही त्या प्रमाण मानून वाद घालतात. रोजच्या उपासनेचा गळा टाळ्यांसाठी ताणावा लागत नाही. ठरलेल्या पट्टीत, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षं लावायचा असतो. आमच्या वऱ्हाडातल्या आर्णीत हे समजायला ग्रीक यावं लागत नाही. बाबा कंबलपोशांच्या उरुसातली कव्वाली ऐका, नाहीतर माहूरच्या वाटेवरच्या एखाद्या गावात रात्रभर चाललेला गोंधळ. पहाटे आवाज बसलेला असतो, सूर हललेला नसतो.

या चिवटपणाचा वऱ्हाडातला सर्वांत मोठा पुरावा मात्र गाण्याचा नाही, कीर्तनाचा आहे. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं गावोगाव कीर्तनं केली. त्यांचं जे कीर्तन आज सर्वत्र ऐकलं जातं, ते ८ नोव्हेंबर १९५६ चं, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं. बाबा ऐंशी वर्षांचे, आजारी. पुढच्या दीड महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले. पण त्या ध्वनिफितीत म्हातारा थकलेला वाटत नाही. आवाज घोगरा आहे, दम मध्येच तुटतो, आणि तेवढ्यात वऱ्हाडी बोलीतला एखादा प्रश्न असा सुटतो की श्रोत्यांना उत्तर द्यावंच लागतं. श्वास घ्यायची सवड बाबा त्या उत्तरात काढून घेतात. ही युक्ती भजनी मंडळातल्या जुन्या माणसांकडेही असते : धृपद समोरच्यांवर सोपवायचं, तेवढ्यात आपण दम खायचा. गळा टिकवण्याचा याहून स्वस्त इलाज मला माहीत नाही.