छडी गेली, तिच्या जागी काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील खुब्बापूर गावच्या एका खासगी शाळेत शिक्षिकेने सात वर्षांच्या एका मुस्लीम मुलाला त्याच्याच वर्गमित्रांना थपडा मारायला लावले. पाढे पाठ नव्हते, हे निमित्त. महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी यांच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेश सरकारला खडसावले, हे वाचकांना आठवत असेल. त्यापुढचा तपशील मात्र फारसा चर्चिला गेला नाही. न्यायालयाने केवळ पीडित मुलाच्याच नव्हे, तर ज्यांनी हात उचलला त्या मुलांच्याही समुपदेशनाचा आग्रह धरला आणि त्याची पद्धत सुचवण्यासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला पाचारण केले. फेब्रुवारी २०२४ मध्येही या दुसऱ्या गटातील मुलांपर्यंत कोणी पोहोचले नसल्याची नोंद न्यायालयाला करावी लागली.

ही मुले आरोपी नव्हती आणि कायद्याच्या भाषेत पीडितही नव्हती. म्हणूनच सरकारी यंत्रणेला ती दिसली नसावीत. फाइलमध्ये ज्याला रकाना नाही, ते प्रशासनाच्या लेखी घडलेले नसते. चार दशकांच्या नोकरीत मी हे वारंवार पाहिले आहे.

शिस्तीविषयीचा आपला कायदा मुख्यतः निषेधाचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये छडीला मुभा देणारा नियम रद्द केला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे सारे आवश्यकच होते. परंतु एका मुलाने दुसऱ्याला दुखावले तर शिक्षकाने नेमके काय करावे, याचे उत्तर देण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. मी लखनौच्या ज्या इंदिरा नगरमध्ये राहतो तेथे खासगी शाळांची वाण नाही. त्यांतील बऱ्याच ठिकाणी ही पोकळी दोन मार्गांनी भरली जाते: गुपचूप मारलेली चापट, किंवा पालकांना बोलावून ‘स्वेच्छेने’ दाखला न्यायला सांगणे.

अशाच एका शाळेच्या समितीवर मी बाहेरचा सदस्य आहे. गेल्या वर्षी आठवीतील तीन मुलांनी एका वर्गमित्राचे विद्रूप केलेले छायाचित्र मोबाइलवरील गटात फिरवले. तिघांना दाखले द्यावेत, असा प्रस्ताव आला. कलम १६ कडे मी लक्ष वेधले. एका तरुण शिक्षिकेने वेगळी वाट सुचवली. तिने आधी त्या मुलाला एकट्याला गाठून विचारले, की तुला काय हवे आहे? त्याच्या मागण्या दोनच होत्या. तिघांनी त्याच गटात आपले कृत्य कबूल करावे आणि त्यांच्याशेजारी बसण्याची सक्ती आपल्यावर होऊ नये. मैत्री त्याला नको होती. तिघांपैकी दोघांनी पालकांसमोर बसून त्याचे म्हणणे ऐकले आणि गटात कबुली लिहिली. त्यांतील एकाने नंतर सांगितले, की त्यापेक्षा छडी परवडली असती. तिसऱ्याच्या वडिलांनी ‘पोरांचे खेळ’ म्हणत मुलाला पाठवलेच नाही. त्याची तुकडी बदलावी लागली.

याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. कोणता नियम मोडला, याऐवजी कोणाला इजा झाली आणि ती कोणी, कशी भरून काढायची, हे त्यात विचारले जाते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात माओरी परंपरेतून आलेली कुटुंबपरिषद बालगुन्हेगारीसाठी स्वीकारली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या शाळांत ही पद्धत १९९४ च्या सुमारास आली. तिच्या समर्थकांनी थोडा संयम राखलेला बरा. इंग्लंडमधील ४० माध्यमिक शाळांच्या चाचणीत दादागिरी घटली, पण थोडीच. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ४४ शाळांत निलंबने कमी झाली, शिक्षकांना वातावरण सुधारल्यासारखे वाटले. मात्र सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातील कामगिरी खालावली. या पद्धतीला वेळ लागतो आणि तो कोठून तरी काढावाच लागतो.

महाराष्ट्राच्या वाचकांना दुसरा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने सामोपचाराला सरकारी प्रतिष्ठा दिली. पण गावात तडजोड होते तेव्हा पड बहुधा दुबळ्यालाच खावी लागते. वर्गही एक गावच आहे. पीडित मुलाला बैठक नाकारण्याचा अधिकार नसेल, तर तो न्याय नव्हे, मांडवली. आणि इजा करणारा शिक्षक असेल तर ही पद्धत तेथे चालवूच नये. खुब्बापूरच्या शिक्षिकेसाठी फौजदारी कायदाच योग्य. ज्या मुलांकडून तिने हे करवून घेतले त्यांच्यासाठी मात्र तो सर्वस्वी निरुपयोगी आहे.

शिक्षेने काम भागते, असे म्हणणाऱ्यांना मी टॉलस्टॉय फार्मची आठवण देतो. तेथे एका दांडगट मुलाला गांधीजींनी संतापून पट्टी मारली. मुलगा रडला, त्याने माफी मागितली आणि पुन्हा कधी अवज्ञा केली नाही. शिस्तीच्या हिशेबात ही शिक्षा शंभर टक्के यशस्वी. तरीही आत्मकथेत गांधीजींनी तिची नोंद पश्चात्तापाच्या बाजूलाच केली आहे.

सरकारी शाळांत हे काम सोपवायला निदान एक जागा आहे. कलम २१ नुसार तेथे व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही, म्हणजे इंदिरा नगरमधील बहुतेक शाळा त्यातून सुटतात. मान्यता देताना राज्य सरकार वर्गखोल्यांची मापे घेते, स्वच्छतागृहे मोजते. मुलांमधील तंटे कोण, कसे हाताळणार आणि त्या शिक्षकाचा तास तेवढ्या वेळात कोण घेणार, हे दोन प्रश्न त्याच अर्जात घालायला नवा कायदा लागत नाही. राज्याच्या नियमांत एक दुरुस्ती पुरेल.