अशील, वकील आणि शिस्तभंगाची कारवाई

मराठीतील 'अशील' हा शब्द अरबी 'असील'वरून आला. असील म्हणजे ज्याचे काम आहे तो मूळ माणूस, आणि वकील म्हणजे त्याच्या वतीने उभा राहणारा. उर्दूत आज 'मुवक्किल' रूढ आहे. मराठीने जुना शब्द जपला. कोर्टाच्या आवारात मात्र हे नाते उलटे झालेले दिसते. मूळ माणूस हात जोडून उभा, आणि त्याचा प्रतिनिधी पुढची तारीख सांगून निघून जातो. ती तारीखच खोटी असेल तर?

तामिळनाडूतील एका प्रकरणात असेच घडले. एका वृद्ध, बहिऱ्या गृहस्थाने 15,000 व 5,000 रुपयांच्या दोन वचनचिठ्ठ्यांवर दावे लावण्याचे काम वकिलाकडे सोपविले. दावे दाखल झाल्याचे त्याला खोटेच सांगण्यात आले. अशा दाव्याची मुदत अवघी तीन वर्षांची असते, हे येथे ध्यानात घ्यावे. राज्य बार कौन्सिलने त्या वकिलाची सनद सहा वर्षे स्थगित केली. भारतीय बार कौन्सिलने ती मुदत एका वर्षावर आणली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी गरिबांना विनामूल्य कायदेविषयक मदत करण्याचा पर्याय त्यास जोडला, न्या. सेन यांना ही सवलत मान्य नव्हती. प्रस्तुत लेखकाचा कल न्या. सेन यांच्याकडे आहे.

अशा कारवाईचा आधार म्हणजे अधिवक्ता अधिनियम, 1961 चे कलम 35. ताकीद, सनदेस स्थगिती किंवा नाव कायमचे कमी करणे, अशा शिक्षा त्यात आहेत. तक्रार वकिलाची नोंदणी ज्या राज्यात आहे तेथील बार कौन्सिलकडे करावयाची: गोव्याची मुंबईस, बेळगावची बंगळुरूस, इंदूर-ग्वाल्हेरची जबलपूरला. ती सहीनिशी, सत्यापनासह हवी. इंग्रजी, हिंदी किंवा त्या राज्याच्या राजभाषेत चालते. म्हणजे बेळगावच्या मराठी माणसाला ती मराठीत देता येत नाही. गावोगावी असे अर्ज लिहून देण्याचे काम बहुधा शिक्षकांकडेच येते, म्हणून हे मुद्दाम नमूद केले. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. निकालाविरुद्ध अपिलासाठी 60 दिवस मिळतात.

खटला हरणे हे गैरवर्तन नव्हे. चुकीचा सल्ला आणि अप्रामाणिक सल्ला यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केला. नुसता निष्काळजीपणा, त्यामागे नैतिक दोष नसेल तर, पुरेसा ठरत नाही. त्यामुळे 'वकिलाने लक्ष दिले नाही' एवढेच लिहिलेला अर्ज टिकणे कठीण. खोटी तारीख कोणत्या दिवशी सांगितली, पैसे केव्हा घेतले, कोर्टाच्या नोंदीत प्रत्यक्षात काय आहे, हे त्यात यावे. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे आपल्या लोकांना पटवणे मात्र अवघड जाते. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत; हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवून दिले आहे.

या कारवाईने बुडालेला दावा परत उभा राहत नाही. वकिलाच्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक मंचाकडे जाण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी बंद केला. नुकसानभरपाई हवी असल्यास दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा एक वकील शोधावा लागतो.