चाल मंदावली? वयावर ढकलू नका

बैल लंगडायला लागला की आपण लगेच खूर उचलून पाहतो, डॉक्टरला बोलावतो. पण घरातल्या आबांची चाल मंदावली, आजीला उठताना भिंतीचा आधार लागू लागला, तर “वयच झालं” म्हणून गप्प बसतो. त्यातून मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असा जुना आजार असला, की “पडून राहा” हा सल्ला सगळेच देतात. संशोधन मात्र वेगळं सांगतं.

अमेरिकेत काही निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं गेलं. तेवढ्यात पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मग आजारी माणूस महिनाभर खाटेवर राहिला तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

गेलेली ताकद परत येते का? येते. बोस्टन इथं नव्वदीच्या घरातल्या १० अशक्त वृद्धांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. १९९० च्या त्या अहवालानुसार पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे अडीच पटीहून जास्त झाली. पुढे १९९४ साली १०० वृद्धांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली, चाल सुधारली. नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांचा अशक्तपणा मात्र हटला नाही. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खत टाकलं आणि मशागतच केली नाही, तर पीक कसं येणार? डाळ, उसळ, दूध, अंडी ताटात हवीतच, पण जोडीला हालचाल हवी.

कुणी म्हणेल, “जन्मभर शेतात राबलो, आता वेगळा व्यायाम कशाला?” पण ताकद कणगीतल्या धान्यासारखी साठवून ठेवता येत नाही. कारभार मुलाकडे गेला, ओट्यावर बैठक बसली, की ती उतरू लागते.

घरीच तपासून पाहा :

१) चार मीटर, म्हणजे साधारण १३ फूट, नेहमीच्या चालीनं चालायला सांगा. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद समजावी.

२) हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला सांगा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी समजावी.

दोन्ही वेळी शेजारी कुणीतरी उभं राहावं. असं आढळलं तर डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या सल्ल्यानं रोज चालणं आणि खुर्चीवरून उठ-बस हळूहळू वाढवा. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर लगेच थांबा. बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मनानं बंद करू नका. मोठ्या आजारानंतर “कधीपासून उठवायचं?” हे दवाखान्यातच विचारून घ्या.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी यांनाही एक विनंती. कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा, देवळापर्यंत सपाट वाट, वाटेवर दिवा आणि टेकायला बाक, एवढं झालं तरी म्हातारी माणसं घराबाहेर पडतील. पडण्याच्या भीतीनं घरात बसलेला माणूस लवकर खाटेला लागतो. पुढच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या.