अध्यासनांची कुळकथा – लेखांक ४ : लेडी मार्गारेटचे दान

मध्ययुगीन केंब्रिजमध्ये शिकवणे हे बहुधा तरुणांचे काम होते. पदवी मिळाली की काही काळ विद्यापीठात व्याख्याने द्यावीच लागत. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर गुजराण करायची आणि मुदत संपली की चर्चमधली बरी जागा बघायची, असा रिवाज होता. विषय अंगी मुरेपर्यंत शिक्षक निघून गेलेला असे.

यावर उपाय केला तो लेडी मार्गारेट बोफोर्ट हिने. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य आणि पाठोपाठ मातृत्व वाट्याला आलेली ही बाई. तिचा तो मुलगा पुढे १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. १५०२ साली तिने केंब्रिजला ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे अध्यासन स्थापले. तिथले सर्वांत जुने अध्यासन ते हेच, आणि ते आजही चालू आहे. वर्षाला १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स वेतन तिने नेमून दिले. एक अट फार मोलाची : व्याख्यानाला येणाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नाही. ज्ञानदानाला इतका भक्कम आधार देणारी ही अट मला राजवाड्यांपेक्षा मोठी वाटते.

पहिला मान मिळाला तिचा धर्मगुरू जॉन फिशर याला. पुढे तो रॉचेस्टरचा बिशप आणि केंब्रिजचा कुलपती झाला. त्याच्याच आग्रहाने डच विद्वान एरास्मस केंब्रिजला आला, क्वीन्स कॉलेजात राहिला आणि त्यानेही हे पद भूषवले. इथे त्याने ग्रीक शिकवले, संत जेरोमच्या ग्रंथांवर काम केले. १५१६ मध्ये त्याचा ग्रीक नवा करार बाझलला छापून निघाला.

शिक्षकाच्या पोटाची सोय झाली होती, पण त्याच्या जिभेचे काय? मार्गारेटचा नातू आठवा हेन्री स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणवू लागला, तेव्हा फिशरने ते मानले नाही. २२ जून १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. आजीने ज्याच्या हाती हे अध्यासन विश्वासाने सोपवले, त्याला नातवाने मारले. हे वाचताना आजही मन कळवळते.

पस्तीस वर्षांनी राजसत्तेचा धर्म बदललेला होता, धाक मात्र तसाच होता. अध्यासनावर होता टॉमस कार्टराइट. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकावर बोलताना त्याने दाखवून दिले की आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आर्चबिशप नव्हते. पाळक निवडण्यात मंडळीचा वाटा असायला हवा, असेही त्याचे म्हणणे होते. १५७० मध्ये त्याला पदावरून दूर केले गेले. ते करणारा कुलगुरू जॉन व्हिटगिफ्ट काही वर्षांपूर्वी याच अध्यासनावर होता, आणि पुढे तो स्वतः कँटरबरीचा आर्चबिशप झाला. कार्टराइटने त्या व्याख्यानांत एका ग्रंथाचा अर्थ सांगितला होता. अध्यापकाने आणखी काय करायचे असते?

एकोणिसाव्या शतकात लाइटफूट आणि हॉर्ट यांच्यासारख्या विद्वानांनी या अध्यासनाला नव्या कराराच्या चिकित्सक अभ्यासाचे नाव मिळवून दिले. हॉर्टने आपला सहकारी वेस्टकॉट याच्यासह सिद्ध केलेली ग्रीक संहिता १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. स्त्रियांना मात्र केंब्रिजने पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ पासून. १९७६ मध्ये मॉर्ना हुकर या अध्यासनावरच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. त्या मेथडिस्ट होत्या आणि १९९८ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

पुढील लेखांकात : आठव्या हेन्रीने १५४० साली केंब्रिजला स्थापलेली रीजियस अध्यासने.